आधी सही, मग गुपित

महाड-पोलादपूरचे सेवा केंद्रचालक, पतसंस्थांचे संगणक सांभाळणारे, डिजिटल सहीची टोकनं करून देणारे मित्रहो, अध्यक्षपद दिलंत. अध्यक्षानं आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो घेतो.

पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर आरएसए या कूटलेखन पद्धतीची आणि तिच्या भावंडांची कुलपं उघडतील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. तसा संगणक आज नाही. आरएसए २०४८ फोडायला दोन कोटी क्युबिट लागतील असा क्रेग गिडनी आणि सहकाऱ्याचा २०१९ चा अंदाज होता. २०२५ मध्ये गिडनींनीच तो दहा लाखांच्या आत आणला. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं १३ ऑगस्ट २०२४ ला क्वांटमपुढे टिकतील अशी तीन नवी मानकं काढली, एक किल्ल्यांसाठी, दोन सह्यांसाठी. आपलं सहा हजार कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन २०२३ मध्ये मंजूर झालं. झाला आढावा.

सकाळी तरुण मंडळी हमरीतुमरीवर आली होती. जुनी पद्धत ठेवून वर नवी लावायची, की नुसती नवी? संगणकीकरणाच्या काळात मी पतसंस्थांना मार्चअखेरपर्यंत खतावणी आणि संगणक दोन्ही चालवायला लावायचो. लोक वैतागायचे. एका ठिकाणी नव्या सॉफ्टवेअरनं ठेवींवरचं व्याज चुकवलं आणि ते खतावणीनं पकडलं. नंतर कुणी वैतागलं नाही. नव्या कुलपांचंही तसंच: मानकं निवडण्यासाठीच्या निस्टच्या स्पर्धेत चौथ्या फेरीपर्यंत पोचलेली साइक ही पद्धत २०२२ मध्ये बेल्जियमच्या दोघा संशोधकांनी साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात मोडली. दोन्ही ठेवा. वाद संपला.

दुसऱ्या वादासाठी मात्र मी बरीच वर्षं थांबलो आहे. मोठे लोक सांगतात, आधी गुपितं वाचवा, सह्यांचं नंतर पाहू. आज चोरून साठवलेला मजकूर उद्या उघडता येईल, पण आज तपासून झालेली सही उद्या कोण खोटी करणार? मुंबई-बंगळुरूच्या बँकांना हे ठीक आहे. तिथली सही क्षणात तपासून होते आणि काम संपतं. आपल्याकडे सही साठ वर्षांनी तपासली जाते.

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीचं कुटुंब माझ्याकडे आजोबांच्या नावचं, कूळकायद्यानं जमीन मालकीची झाल्याचं ३२-मचं सर्टिफिकेट स्कॅन करायला आलं होतं. कागद घडीवर फाटलेला, सही पुसट, शिक्क्याचा नुसता निळा डाग. समोरच्यानं त्याच जमिनीचा, त्याहून आधीच्या तारखेचा कागद काढला होता, आणि त्यावरची सही कशी ठसठशीत! वकील सह्यांवर भांडत बसले. निकाल लागला फेरफाराच्या वहीवर. यांची नोंद आपल्या नंबरावर होती, मागेपुढे दुसऱ्या खातेदारांच्या नोंदी, सगळ्या सलग. समोरच्या कागदाला वहीत शिरायला जागाच नव्हती.

आता आजचं बघा. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत कपाटांतल्या कागदांचा लगदा झाला, तेव्हापासून तर जो तो म्हणतो, पीडीएफ आहे ना! आहे. पण आपल्याकडच्या टोकनांतली सही बहुतांशी आरएसएची. ती मोडली की मागच्या तारखेची खोटी सही खऱ्या सहीशी बिनचूक जुळेल, डागसुद्धा दिसणार नाही. आजच सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह आलं की गिऱ्हाईक विचारतं, 'हे काय?' आणि आपण सांगतो, 'काही नाही, चालतं.' पडताळणी क्रमांक टाकून बघता येतं म्हणाल, तर मग भरवसा सहीवर राहिला नाही, सर्व्हरवर गेला. आमच्या वाड्यांतले निम्मे खातेदार मुंबईला. सातबारा बघतात गणपतीला नाहीतर मे महिन्यात, तेही भावाशी वाजलं तर. खोटा दस्त उजेडात यायला इथे पिढी जाते.

उपाय नवा नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांनी १९९१ मध्ये मांडला: प्रत्येक दस्ताचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा आकडा, काढायचा, त्यात आदल्या नोंदीचा हॅश गुंफायचा, आणि शेवटचा आकडा चारचौघांत जाहीर करायचा. १९९५ पासून असा आकडा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जाहिरातींत छापून येऊ लागला. शोरच्या युक्तीनं हॅश मोडत नाही. एसएचए-२५६ या हॅशचा दम क्वांटमपुढे थोडा कमी होतो, पण टिकतो. म्हणजे मागची सही उद्या मोडली, तरी दस्त नोंदीच्या दिवशी अस्तित्वात होता हे सिद्ध राहील. नवं टोकन येईपर्यंत थांबायचं कारण नाही. नव्या सह्या आकारानंही दांडग्या आहेत: आरएसएची २५६ बाइटची, तर निस्टच्या नव्या मानकातल्या एमएल-डीएसएची लहानात लहान २,४२० बाइटची. फॉर्म, सॉफ्टवेअर, टोकन सगळंच बदलावं लागेल, आणि त्याला किती वर्षं लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा आपल्या तालुक्यांपुरती अशी हॅशची वही सुरू करू. आकडा कुठे छापायचा, खर्च कुणी करायचा, हे कार्यकारिणी ठरवील. सातबाऱ्यापासून सुरुवात करायची की पतसंस्थांच्या गहाणखतांपासून, तेही बघू. ठराव मात्र आजच करा आणि वरपर्यंत पाठवा. 'याबाबत आदेश नाहीत' असं उत्तर येईल, मला माहीत आहे. ते तोंडी ऐकून परत फिरू नका. लेखी घ्या, आणि त्यावर जावक क्रमांक पडल्याशिवाय टेबलावरून हलू नका.