सर्दी आपली, दवाखाना बाळाचा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)

तायांनो, मावश्यांनो आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या सगळ्या आज्ज्यांनो.

आज मी बचत, व्याज आणि थकबाकी यावर बोलणार नाही. आज लहान बाळांच्या छातीच्या आजाराबद्दल बोलायचंय. मघाशी विषय सांगितला तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हिचं लग्न व्हायचंय अजून, ही काय बाळाचं सांगणार!" ऐकलं बरं का मी. बरोबरच आहे. मी आई नाही, मावशी आहे. पण मावशी म्हणून माझ्या हातून जे झालं, तेच सांगायला उभी राहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी घरी गेले. मोठी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती, तिची मुलगी दोन महिन्यांची. मला सर्दी होती, घसा खवखवत होता. पण भाची पहिल्यांदाच बघणार! एसटीतून उतरले ती थेट बाळापाशी. हात धुतले नाहीत. उचललं, छातीशी धरलं, पटापटा मुके घेतले. सगळे हसत होते. कुणी अडवलं नाही आणि मला स्वतःलाही सुचलं नाही. एम.एस.डब्ल्यू. शिकलेली मुलगी मी, दुसऱ्यांना हात धुवायला शिकवणारी!

चार-पाच दिवसांनी बाळाला सर्दी झाली. घरात म्हणाले, सर्दीच आहे, निघून जाईल. जवळच्या एका डॉक्टरने खोकल्याचं औषध दिलं. सर्दीच्या चौथ्या दिवशी बाळ दूध ओढेना. दोन घोट घ्यायचं, सोडायचं, धापा टाकायचं. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. रात्री जिल्ह्याला नेलं. चार दिवस ऑक्सिजनवर होती. आज ती धावते, मला 'माऊ' म्हणते. पण ते चार दिवस बहीण माझ्याशी एक शब्दही वाकडं बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

सर्दी माझ्याकडूनच गेली असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण जाऊ शकत होती, आणि मी ती अडवू शकत होते. म्हणून आजचं हे बोलणं.

त्या आजाराचं नाव ब्राँकिओलायटिस. नाव अवघड आहे, आजार समजायला सोपा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या शेतात ठिबक आहे. मोठ्या पाइपात थोडी घाण आली तरी पाणी जातं. पण ड्रिपरच्या बारीक तोंडाशी जराशी घाण बसली की झाडाला थेंब मिळत नाही. आपल्या छातीतही तसंच आहे. मोठी श्वासनळी, तिला फांद्या, त्यांना आणखी बारीक फांद्या. या आजारात सगळ्यात बारीक नळ्या आतून सुजतात आणि त्यांत चिकट शेंबूड साचतो. मोठ्या माणसाच्या नळ्या रुंद, म्हणून आपल्याला नुसती सर्दी होते. बाळाच्या नळ्या मुळातच बारीक, म्हणून तोच विषाणू बाळाला दवाखान्यात नेतो. हा आजार दोन वर्षांखालच्या बाळांचा. सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांखालच्या, वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या आणि हृदयाचा जन्मजात आजार असलेल्या बाळांना.

बहुतेक वेळा हा आजार आर.एस.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो. पावसाळ्यात आणि थंडीत त्याचा जोर असतो. खोकल्या-शिंकेतून तो उडतो. हाताला लागतो, भांड्यावर, खुळखुळ्यावर, मोबाइलवर काही तास टिकतो. तो घरात आणतं कोण? बाळ तर कुठे जात नाही. आणतो आपण. शाळेतून येणारा मोठा भाऊ आणतो, बाजारातून येणारे आजोबा आणतात, भाऊबीजेला आलेली मावशी आणते.

आता अडवायचं कसं ते सांगते.

पहिली गोष्ट हात. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. दाराशी बादली, तांब्या आणि साबण ठेवा. पाव्हण्यांना हात धुवा म्हणायला सुनेला लाज वाटते, कबूल आहे. म्हणून हे काम सासूने करायचं. आज्जी म्हणाली, "आधी हात धू, मग नात घे," तर कुणाची बिशाद आहे?

दुसरी गोष्ट, सर्दी झालेल्याने बाळापासून लांब राहायचं. मुका तर घ्यायचाच नाही. आता बारशाचं बघा. बाराव्या दिवशी घर भरलेलं असतं आणि बाळ पन्नास हातांतून फिरतं. बारसं करा, पाळणा म्हणा, घुगऱ्या वाटा. पण बाळ आईजवळ किंवा पाळण्यात राहू द्या. आणि दुसऱ्यांचं कशाला, आपली मीटिंगच बघा. हप्ता भरेपर्यंत बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जातं. मागच्या बैठकीत मी स्वतः मोजलं, एक बाळ सात जणींनी घेतलं, त्यातल्या दोघी खोकत होत्या.

मग आईलाच सर्दी झाली तर? दूध बंद करायचं नाही. नाका-तोंडावर स्वच्छ रुमाल किंवा पदर बांधायचा, हात धुवायचे आणि पाजायचं. सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणी नाही, गुटी नाही, मध नाही. आईच्या दुधातून बाळाला आजाराशी लढायची ताकद मिळते, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळांना हा आजार जोराचा होण्याची शक्यता कमी असते.

तिसरी गोष्ट धूर. इथे जरा राग येईल तुम्हाला. सिलिंडर घरोघरी आहे, पण चहा गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचं पाणी चुलीवर, असंच ना? पावसाळ्यात सरपण ओलं, दार लावलेलं आणि बाळ त्याच खोलीत. त्यात बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा, वेखंड, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून धुरी. त्यात मिश्री भाजायची असेल तर तोही धूर. ओट्यावर बिडी ओढून आजोबा आत आले की कपड्यांना धूर असतोच. धुराने त्या बारीक नळ्या आधीच सुजलेल्या राहतात. वरून विषाणू आला की दवाखाना ठरलेला. धुरी मायेनेच देतात, मला माहीत आहे. पण ऊबच द्यायची असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घ्या. त्यासारखी ऊब नाही. चूल पेटलेली असेल तेव्हा बाळ दुसऱ्या खोलीत ठेवा. सरपण पावसाच्या आधी आत घ्या.

चौथी गोष्ट लसी. सरकारी लसीकरणातल्या पेंटाव्हॅलंट आणि पी.सी.व्ही. या लसी न्यूमोनियाच्या काही जिवाणूंपासून वाचवतात, त्यामुळे त्या वेळेवर द्यायच्याच. आर.एस.व्ही.साठी गरोदर बाईला द्यायची लस आणि बाळाला द्यायचं इंजेक्शन काही देशांत 2023 पासून वापरात आलंय. आपल्या सरकारी लसीकरणात ते नाही. म्हणून आपली लस सध्या साबण आणि आईचं दूध.

इतकं करूनही आजार होऊ शकतो, बरं का. तेव्हा कुणी सुनेला बोल लावायचा नाही. त्या वेळी दोनच प्रश्न महत्त्वाचे. घरी काय करायचं, आणि कधी निघायचं?

बहुतेक बाळं घरीच बरी होतात. थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. पाजण्याआधी नाक मोकळं करा. नाकात टाकायचे सलाइनचे थेंब आरोग्य केंद्रात विचारून घ्या. नाकात तेल सोडू नका, ते छातीत उतरतं. नाकाखाली कापूर किंवा बाम लावू नका. पोटाला चटके तर अजिबात नाहीत. खोकल्याचं औषध मनाने आणू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही 2025 मध्ये सांगितलं आहे. हा आजार विषाणूचा, त्यामुळे अँटिबायोटिकने तो जात नाही. "इंजेक्शन द्याच" असा हट्ट आपणच डॉक्टरकडे धरतो, तो सोडा.

आणि लक्षात ठेवा, हा आजार पहिल्या दिवशी खरं रूप दाखवत नाही. दोन-तीन दिवस साधी सर्दी. जोर करतो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणून सर्दीचा दिवस मोजा. आणि श्वास मोजा. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक वर्षाच्या पुढे 40 किंवा जास्त श्वास घेत असेल, तर श्वास जलद आहे. लगेच दाखवायचं.

"आम्हाला मोजता येत नाही," असं म्हणू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या अल्पशिक्षित लोकांना, दाईंनाही, हेच शिकवलं. मण्यांचं साधं साधन केलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोबाइलवर मिनिट लावा आणि दहा श्वासांना एक शेंगदाणा बाजूला ठेवा. बाळाच्या वयाप्रमाणे चार, पाच किंवा सहा शेंगदाणे झाले की उठा.

काही खुणांना तर मोजत बसायचंही नाही, तडक निघायचं. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ज्याला आपल्याकडे पोट उडतंय किंवा डबा झाला म्हणतात. बाळ कण्हतंय. नेहमीच्या निम्मंही दूध घेत नाही. सहा-आठ तासांत लंगोट ओला नाही. बाळ मलूल आहे, जागं होत नाही. ओठ निळसर झालेत. किंवा मध्येच श्वास थांबतोय. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ताप आला तरी लगेच न्यायचं. दवाखान्यात मुख्य उपचार म्हणजे ऑक्सिजन आणि पोटात दूध-पाणी जाईल अशी सोय. घरात कुणाकडेच ऑक्सिजन नसतो, देवऋषाकडेही नसतो.

आता पैशाचं. शेवटी आपण बचत गटाच्या बायका. दवाखाना म्हटलं की गहाणाची पोत आठवते. पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. 102 किंवा 108 ला फोन करा. आशाताईचा नंबर पाठ ठेवा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला ती बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते. त्या वेळी तिच्याकडून श्वास मोजायला शिकून घ्या.

आमच्या घरी त्या रात्री निघायला तीन तास लागले. आजार कळला नाही म्हणून तीन तास गेले नाहीत. पैसे कुणाकडे, गाडी कुणाची, जावयाला विचारलं का, यात गेले. म्हणून या सभेपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, प्रत्येक गटाने काही रक्कम बाळाच्या आजारासाठी वेगळी ठेवावी, ती अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने त्याच रात्री देता यावी आणि पुढच्या बैठकीत मंजूर करून घ्यावी. दोन, बैठकीच्या दाराशी पाणी-साबण असावा आणि सर्दी झालेलीने बाळ घेऊ नये. तीन, गटातल्या दोन जणींनी श्वास मोजायला शिकावं. शिकवायला मी येते.

आणि हो, यंदा भाऊबीजेला माझी बहीण दारातच तांब्या घेऊन उभी होती. मला ओवाळायच्या आधी म्हणाली, "हात धू." मी धुतले. वाईट वाटलं नाही. तुम्हालाही कुणी तसं म्हणालं, तर वाटून घेऊ नका.