ट्रॉली आणि होडीचा जुना रंग काढताना



कारखान्याचा हंगाम आटोपला की ट्रॉली गोठ्याच्या कडेला लागते. रंगाचे पोपडे सुटलेले, फळ्यांवर काळी बुरशी, कोपऱ्याला गंज. नदीकाठच्या गावात शेडमधल्या होडीचीही तीच तऱ्हा. मग आपण दुकानात जातो, "रंग निघायचं कायतरी द्या" म्हणतो, आणि दुकानदार हाताशी असेल तो डबा देतो. तोच डबा लोखंडाला, लाकडाला आणि फायबरला फासला जातो. नुकसान होते ते इथेच. रोग कोणता हे न बघता आपण उसावर फवारणी करतो का? तेव्हा औषध घेण्याआधी रंगाच्या खाली काय आहे ते बघा.

आधी लोखंडाचे घेऊ. ट्रॉलीची चेसिस, जाड पत्रा, नांगर यांवरच्या साध्या ऑईल पेंटला कॉस्टिक सोडा उत्तम आणि स्वस्त. पाच लिटर पाण्यात अर्धा किलो सोडा पुरतो. पण सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी ओतायचे नाही. ते एकदम तापते आणि तोंडावर उडते. बादली प्लॅस्टिकची घ्या. ॲल्युमिनियमचे पातेले घेतले तर सोडा पातेलेच खाईल, आणि जस्ताच्या पत्र्याचेही तेच. उभ्या फाळक्यावर पाणी ओघळते म्हणून त्यात मैद्याची खळ मिसळा. अर्ध्या-पाऊण तासाने रंग सुटतो, मग खरवडा. रबरी मोजे आणि चष्मा लागतोच. डोळ्यात उडाले तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा आणि मग थेट दवाखाना गाठा. कंपनीत भट्टीतून निघालेला पक्का रंग मात्र कॉस्टिकला दाद देत नाही, तिथे उगाच सोडा वाढवत बसू नका.

खरवडून झाले की भरपूर पाण्याने धुवायचे. सोडा मागे राहिला तर नवा रंग वर्षभरात फुगून येतो. राहिला की नाही हे ओळखायला आपल्या सांगलीला हळदीची वाण नाही. ओल्या हळदीत बुडवलेला कागद पत्र्यावर दाबा. कागद लाल झाला तर सोडा अजून आहे, पुन्हा धुवा. हळदीचे कुंकू होते ते याच गुणाने.

दुकानात डब्यातला तयार रिमूव्हरही मिळतो. डब्यावरचे बारीक अक्षर वाचा. मिथिलीन क्लोराईड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिले असेल तर रंग झटकन निघेल, पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. होडीच्या तळात, बंद शेडमध्ये ती खाली साचते आणि वाकून काम करणारा माणूस भोवळ येऊन पडतो. शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यासारखेच. साधे रबरी मोजेही त्यापुढे टिकत नाहीत. अमेरिकेत २०१९ पासून रंग काढायला हा माल किरकोळ ग्राहकाला विकत नाहीत. माझे मत विचाराल तर होडीच्या आत हा डबा उघडूच नये.

फायबरच्या होडीला तर तो आणि कॉस्टिक दोन्ही वर्ज्य. वरचा गुळगुळीत थर मऊ पडतो आणि पाणी आत शिरते. तिथे पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर आणि हाताचे कष्ट. 'फायबरला चालते' असे डब्यावर स्पष्ट छापलेले औषध मिळाले तर ते कोपऱ्यात लावून बघा, मगच पुढे.

आता बुरशी. फायबर आणि प्लॅस्टिकवर ग्रामपंचायतीतली टीसीएल पावडर चालते. दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम घालून निवळू द्या, वरचे निवळ पाणी लावा, दहा-पंधरा मिनिटांनी धुवा. लोखंडाला ती लावू नका, गंज वाढतो. आणि तिच्यात फरशी धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. ट्रॅक्टरच्या सीटच्या रेक्झीनला साबणाचे पाणी आणि चांगले वाळवणे एवढे बास.

लाकडाचे वेगळे. कृष्णाकाठाला २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. गाळात बसलेली फळी वरून सुकलेली दिसते, आत ओल असते. तिच्यावर दसऱ्याच्या पूजेसाठी घाईने रंग मारला की ओल कोंडते आणि बुरशी आतून फळी खाते. म्हणून आधी दाभण घ्या आणि काळ्या डागात टोचा. टोक अडले तर डाग वरवरचा आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारा आणि आठ-पंधरा दिवस वाऱ्यावर वाळवा. दाभण लोण्यात शिरल्यासारखे गेले तर ती फळी संपली. बाजारातले कोणतेच औषध तिला परत उभी करणार नाही, बदलून टाका. बामणोली-तापोळ्याकडे शिवसागरावर लाँच चालतात, आणि इकडे पुरात हीच होडी माणसे काढायला उतरते. त्या वेळी दाभण टोचत बसायला सवड नसते. तळाच्या फळ्या दर उन्हाळ्यात तपासा. लाकडाला कॉस्टिक नको, रेषा सुटतात आणि लाकूड काळवंडते. धारदार पटाशीने रेषेच्या दिशेने खरवडा.

एक गोष्ट फार महत्त्वाची. जुन्या गाड्यांवर खालचा हात शेंदराचा असे. शेंदूर म्हणजे शिसे. तांबूस-तपकिरी रेड ऑक्साईड वेगळा, तो लोखंडाचाच. भडक नारिंगी थर दिसला की ग्राईंडर लावू नका, स्टोव्हच्या ज्योतीने जाळू नका. धूळ आणि धूर दोन्ही विषारी. पाणी मारत ओलेच खरवडा, खाली जुने प्लॅस्टिक अंथरा. घरगुती रंगातल्या शिशाला १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाखांत ९० भाग अशी मर्यादा आली, पण तुमची ट्रॉली त्याआधीची असू शकते. वासरांना जुन्या रंगाचे पोपडे चाटायची खोड असते आणि त्यातून शिशाची विषबाधा होते. एकाएकी आंधळेपणा, दात खाणे, झटके असे दिसले तर जनावरांच्या डॉक्टरांना रंगाचे आवर्जून सांगा. तेव्हा हे काम गोठ्यापासून लांब करा. पोपडे उकिरड्यात टाकू नका, ते खतातून रानात जातील. डब्यात घट्ट बंद करून मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. आणि त्याच ट्रॉलीतून जनावरांना वाढे आणणार असाल तर आधी साटा दोनदा धुवा.

काम एप्रिल-मेमध्ये, सकाळच्या सावलीत करावे. भर उन्हात सोडा रंगात मुरायच्या आधीच वाळून जातो.