अंधांचे मैदान



आपल्याकडे घरात अंध मूल असले म्हणजे त्याचा सांभाळ मायेने होतो, हे मला नाकारावयाचे नाही. परंतु ही मायाच पुष्कळदा त्याला ओट्यावर बसवून ठेवते. "पडशील, लागेल" हे ऐकण्यातच त्याचे बालपण सरते. गुडघा फोडून घेण्याचा जो हक्क डोळस मुलाला आपण न मागता देतो, तो त्याला मिळत नाही.

आता हे पाहा. 23 नोव्हेंबर 2025 रोजी कोलंबो येथे भारताच्या मुलींनी अंध महिलांची पहिली टी-ट्वेंटी विश्वचषक स्पर्धा जिंकली. नेपाळला सात गडी राखून हरविले. उपकर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची गंगा कदम. हा खेळ चालतो तरी कसा? चेंडू कडक प्लॅस्टिकचा, पोटात छर्रे असलेला. तो खुळखुळत येतो. गोलंदाज हात न उचलता, खालून टाकतो, आणि टाकण्यापूर्वी "रेडी?" असे विचारतो. "येस" आल्यावाचून चेंडू सुटत नाही. अकरांत किमान चौघे पूर्ण अंध असावे लागतात. त्यांच्या धावा दुप्पट धरतात. एक टप्पा पडल्यावर त्यांनी झेल घेतला, तरी फलंदाज बाद! यात दया नाही बरे का, हिशेब आहे. ज्याला थोडे दिसते आणि ज्याला काहीच दिसत नाही, अशा दोघांना एका संघात खेळविण्याचा हा हिशेब. प्रेक्षकांवर मात्र एक बंधन पडते. चेंडू येत असता गप्प बसावे लागते. आपल्या क्रिकेटवेड्या मंडळींना हेच सर्वांत जड जाईल.

बुद्धिबळात तर डोळसाशीही बरोबरीने सामना होतो. पटावरची काळी घरे किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खाली खुंटी, आणि काळ्या मोहऱ्यांवर वेगळी खूण. बोटांनी चाचपावे, चाल तोंडाने सांगावी. समोरच्या डोळस गड्याचा पट निराळा. मुंबईचे चारुदत्त जाधव लहानपणीच दृष्टी गमावून या खेळाकडे वळले, आणि पुढे देशभरच्या अंध बुद्धिबळपटूंच्या संघटनेची धुरा त्यांनी वाहिली.

खेळाच्या तासाला गावच्या शाळेतले अंध मूल पुष्कळदा वर्गात दप्तरे राखीत बसते. येथे शिक्षक मंडळी आली आहेत, म्हणून विचारतो: त्या तासाला त्याच्या हाती यातले काय देता येईल?