जांभळा पंप

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठची मिठागरे कधी कधी लालसर दिसतात. त्या अतिखारट पाण्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीव राहतात. तेथे प्राणवायू फार कमी विरघळतो. मग हे जीव जगतात कसे?

१९७१ मध्ये याच शहरात ओस्टरहेल्ट व स्टोकेनियस या शास्त्रज्ञांनी अशा एका जीवाच्या जांभळ्या पटलातील प्रथिन तपासले. त्यात रेटिनल सापडले. 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारे हेच द्रव्य आपल्या डोळ्यांतही असते! प्रकाश पडताच हे प्रथिन पेशीतील प्रोटॉन बाहेर ढकलते. धरणाचे पाणी चक्र फिरवते ना? तसेच आत परतणाऱ्या प्रोटॉनांच्या जोरावर पेशीचे इंधन, म्हणजे एटीपी, तयार होते.

प्राणवायू अपुरा पडला, तरी हा जीव प्रकाशावर तगतो, तेही हरितद्रव्याविना.