काच, उष्णता आणि काळ



व्याख्यानमालेत इतिहासावर, वाङ्मयावर, समाजकारणावर ऐकण्याची आपल्याला सवय आहे. मी आज काचेवर बोलणार आहे. अतिशय अल्पकाळ टिकणाऱ्या लेसरच्या झोताने काच कशी कोरतात आणि त्या कामात उष्णतेचे स्थान काय, हा माझा विषय. नाव अवघड आहे, पण त्याचे मूळ तुमच्याआमच्या स्वयंपाकघरात आहे.

पेटलेल्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी अनेकदा पाहिले आहे. का तडकते? थेंब पडलेली जागा एकदम निवते आणि आकसू पाहते. भोवतालची काच गरमच असते, ती तिला आकसू देत नाही. काच उष्णतेची मंद वाहक आहे, त्यामुळे हा भेद लवकर मिटत नाही. या ओढाताणीत काच फुटते. म्हणजे काचेचा वैरी नुसती उष्णता नव्हे, तर उष्णतेतील आकस्मिक फरक होय.

सर्वच काचा सारख्या नसतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. साध्या खिडकीच्या काचेची एक मीटर लांबीची पट्टी 100 अंशांनी तापवली तर ती सुमारे 0.9 मिलिमीटर वाढते. शुद्ध सिलिकेची तेवढीच पट्टी केवळ 0.05 मिलिमीटर वाढते. म्हणूनच शुद्ध सिलिकेची लालभडक तापलेली नळी पाण्यात बुडवली तरी सहसा तडकत नाही.

ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पुढे 1916 मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. अशा कारखान्यांत तयार झालेली चिमणी भट्टीतून काढून तशीच वाऱ्यावर ठेवत नसत. ती बेताच्या उष्णतेत ठेवून सावकाश निववावी लागे. काचेला किती वेळात किती निववायचे, हे ज्याला कळले तोच खरा काचकारागीर.

आता लेसरकडे वळू. पहिला लेसर 1960 साली अमेरिकेत मेमन यांनी चालविला. 1985 मध्ये डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मुरू यांनी अतिशय अल्पकालीन आणि तरीही प्रबळ झोत निर्माण करण्याची युक्ती काढली. तिला 2018 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे झोत फेम्टोसेकंदांत मोजतात. सेकंदाचे एक अब्ज भाग करावेत आणि त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा लक्ष भाग करावेत. तो एक फेम्टोसेकंद. अशा शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम 0.03 मिलिमीटर जातो, केसाच्या जाडीहूनही कमी.

काच पारदर्शक, मग प्रकाश तिला कोरतो कसा? भिंगाने तो काचेच्या पोटात एका बिंदूवर आणतात. तेथे तो इतका दाटतो की एरवी आरपार जाणारे प्रकाशकण एकवटून काचेतील इलेक्ट्रॉन सुटे करतात. पृष्ठभागाला धक्का न लागता आतली काच बदलते. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी या रीतीने काचेच्या आत प्रकाशाच्या वाटा कोरून दाखविल्या. आपल्या मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अशा अतिअल्पकालीन झोतांवर अनेक वर्षे संशोधन चालू आहे.

या कामाला कोणी कोणी ‘थंड कोरीवकाम’ म्हणतात. माझा आक्षेप येथे आहे. हे अर्धसत्य आहे. झोत संपतो तेव्हा काच तापलेलीच नसते, इतके खरे. पण सुट्या झालेल्या इलेक्ट्रॉनांनी घेतलेली शक्ती काही पिकोसेकंदांत, म्हणजे काही हजार फेम्टोसेकंदांत, काचेला मिळते आणि तो सूक्ष्म बिंदू हजारो अंशांपर्यंत तापतो. ती उष्णता आजूबाजूला पसरायला साधारण एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दशलक्षांश, लागतो.

सगळी मेख या मायक्रोसेकंदात आहे. आपल्या वसईच्या वाड्यांतला रहाट आठवा. आळ्यात तासाला एक पोहरा पाणी ओतले तर ते जिरून जाते. एकामागून एक ओतत राहिले तर आळे तुंबते. पोहरा तोच, पाणी तेच. तद्वत सेकंदाला हजार झोत टाकले तर दोहोंमध्ये हजार मायक्रोसेकंद मिळतात आणि प्रत्येक झोताला निवलेली काच भेटते. सेकंदाला दहा लक्ष झोत टाकले तर मागची उष्णता जिरण्यापूर्वी पुढची येते. उष्णता साचते, काच वितळते, आणि वितळलेला भाग बिंदूच्या बाहेर पसरतो.

ही साचलेली उष्णता शाप की वरदान? दोन्ही. तिच्यामुळे दोन काचा डिंकावाचून सांधता येतात. काही काचांत प्रकाशाच्या वाटा अधिक गुळगुळीत होतात. पण ज्या काचा फार प्रसरण पावतात त्या निवताना आतून तडकू शकतात. काचेत स्फटिकाच्या रेषा उमटविणारे काही संशोधक तर काच आधीच 500 अंशांच्या आसपास तापवून ठेवतात, म्हणजे भोवतालचा भेद कमी होऊन ती तडकत नाही. तळेगावच्या भट्टीतील युक्ती ती हीच!

कोरून झाल्यावरही उष्णतेचा संबंध संपत नाही. साधी काच तिच्या मऊ होण्याच्या उंबरठ्यापर्यंत तापवली तर आत उमटविलेले बदल पुसट होऊ लागतात. शुद्ध सिलिका याहून पुष्कळ अधिक उष्णता सोसते. 2019 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने 1978 चा ‘सुपरमॅन’ चित्रपट 75 मिलिमीटर चौरस आणि 2 मिलिमीटर जाड अशा काचेच्या तुकड्यात साठवून दाखविला. त्यासाठी सिलिकेची काच निवडली, यामागे तिची ही सोशिकताही आहे.

मित्रहो, वसईपासून विरारपर्यंत लहानमोठे कारखाने आहेत. तेथे आपली मुले काम करतात. उद्या अशी यंत्रे त्यांच्यासमोर येतील. विक्रेता सांगेल, ‘यंत्र थंड आहे, बटण दाबा.’ बटण कोणीही दाबील. परंतु समोरची काच कोणत्या जातीची, ती किती प्रसरण पावते, दोन झोतांमध्ये तिला निवायला किती अवसर द्यावा, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती फुटक्या काचांचा ढीग राहील, आणि यंत्र दुरुस्त करायला परका माणूस बोलवावा लागेल. यंत्र पैशाने मिळते. समज शिकूनच मिळवावी लागते. पैशापैशाने कारखाना उभारणाऱ्यांनी नुसती भट्टी बांधली नाही, माणसेही शिकवून तयार केली. तासांत मोजायची गोष्ट आता मायक्रोसेकंदांत मोजायची आहे, इतकाच फरक. काचेचा स्वभाव बदललेला नाही.