रिपोर्टवरच्या आकड्यामागे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



पैठणच्या बाजारात भाजी तोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापनाचा शिक्का लागतो. शिक्का नसेल तर दंड होतो. त्याच बाजारपेठेतल्या लॅबमध्ये तुमची साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन मोजणारं मशीन असतं. त्याच्या आकड्यावर गोळ्या सुरू होतात, गरोदर बाईला पुढच्या दवाखान्यात धाडलं जातं. पण हा आकडा बरोबर येतो का, हे बाहेरच्या कुणाकडून तपासून घेण्याची सरसकट सक्ती आपल्याकडे नाही. एनएबीएल ही देशपातळीवरची संस्था आयएसओ १५१८९ या मानकानुसार लॅबना मान्यता देते. ती घ्यायची की नाही, हे लॅबवाल्याने ठरवायचं.

मशीन नवं आणि महागडं असलं की रिपोर्ट बरोबर, असं आपण धरून चालतो. खरं तर बहुतेक चुका सॅम्पल मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. साखरेचंच घ्या. साध्या ट्यूबमध्ये रक्त नुसतं ठेवलं, तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात. खोलीच्या तापमानाला तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आता समजा, विहामांडव्यात सकाळी एकाचं उपाशीपोटी रक्त घेतलं. साखर होती १३०. सॅम्पल पिशवीतून पैठणला आलं, तिथून बिडकीनमार्गे संभाजीनगरला गेलं आणि तीन तासांनी मशीनवर लागलं. रिपोर्ट येईल ११०च्या आसपास. मधुमेहाची रेघ १२६वर आहे. म्हणजे ज्याला आजच पथ्य आणि उपचार हवेत, तो निर्धास्त होऊन घरी जाणार. यात मशीन बिचारं बरोबरच होतं! राखाडी टोपीची, फ्लोराइडची ट्यूब वापरली असती आणि रक्त लवकर सेंट्रीफ्यूजवर फिरवून वरचा प्लाझ्मा वेगळा केला असता, तर हे टळलं असतं. त्याला लाखांचा खर्च लागत नाही.

हिमोग्लोबिनचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्या पैठण तालुक्यात पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने किशोरवयीन मुलींमधल्या रक्तक्षयावर काम केलं आहे. असं सगळं काम एका आकड्यावर उभं असतं. बोट पिळून थेंब काढला तर त्यात अंगातलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटंच कमी दिसतं. जुन्या साहली पद्धतीत तर रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो. दोन माणसं एकाच नळीचे दोन आकडे सांगतात. गरोदर बाईच्या बाबतीत साडेदहा आणि अकरा यांतलं अंतर किरकोळ नाही.

हे दुखणं गरीब देशांचंच आहे असंही नाही. १९४७ साली अमेरिकेत बेल्क आणि संडरमन या दोघांनी पेनसिल्व्हेनियातल्या लॅबना एकसारखेच नमुने पाठवले. उत्तरं इतकी वेगवेगळी आली की साऱ्यांचेच डोळे उघडले. त्यानंतर तीनच वर्षांनी लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी लॅबसाठी एक तक्ता सुचवला. आज आपल्या टेक्निशियन मंडळींच्या तोंडी असलेलं ‘कंट्रोल लावणं’ म्हणजे तेच. ज्याचं मोजमाप आधी ठाऊक आहे असा द्रव रोज सकाळी, पेशंटच्या सॅम्पलआधी मशीनवर लावायचा. आलेला आकडा आलेखाच्या कागदावर ठिपक्याने मांडायचा. ठिपका ठरलेल्या रेघांच्या बाहेर गेला, की कारण सापडेपर्यंत रिपोर्ट सोडायचे नाहीत. रोज थोडा थोडा एकाच बाजूला सरकत असेल, तर मशीन बिघडायच्या आधीच समजतं. माझ्या मते लॅबची खरी परीक्षा या कागदावर होते. भिंतीवरचं प्रमाणपत्र त्याच्या नंतरचं.

बाहेरची तपासणीही हवीच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची त्यासाठी योजना आहे. त्यांनी दिलेला नमुना दर महिन्याला तपासून आकडा कळवायचा. इतर लॅबच्या तुलनेत आपण कुठे आहोत, ते कळतं. तालुक्याच्या लॅबलाही यात भाग घेता येतो.

मान्यतेचं नाव काढलं की लहान लॅबवाले दचकतात. एवढी कागदपत्रं, एवढी फी! त्यांची भीती मला समजते. आफ्रिकेतल्या देशांपुढे हाच पेच होता. २००८ साली मापुटोला त्यांनी लॅब सुधारण्याचा जाहीरनामा केला आणि पुढच्या वर्षी किगालीत जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने ताऱ्यांची पद्धत आणली. ५५ टक्के गुण मिळाले की एक तारा, ९५ टक्क्यांना पाच. पास-नापास असा प्रकार नाही. मोडका फ्रिज आणि अपुरी माणसं असलेली लॅबही पहिल्या ताऱ्यासाठी धडपडू शकते. एनएबीएलनेही २०१९मध्ये लहान लॅबसाठी प्रवेश पातळीची सोपी योजना काढली, तिचे निकष मोजकेच आहेत. पैठण, बिडकीन, पाचोडच्या लॅबवाल्यांनी ती मागवून एकदा वाचावीच. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी तालुक्याला येऊन कंट्रोलचे तक्ते पाहिले, तर हे काम किती लवकर पुढे जाईल!

आणि श्रोत्यांनो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. रिपोर्ट घेताना ‘आज कंट्रोल लावलं होतं का’ असं बिनधास्त विचारा. चांगल्या लॅबवाल्याला त्याचा राग येत नाही. आणि त्याने कधी ‘रक्तात गुठळी झाली, पुन्हा द्यावं लागेल’ म्हणून तुम्हाला परत बोलावलं, तर त्याच्यावर चिडू नका. प्लेटलेट त्या गुठळीत अडकलेल्या असतात. तेच सॅम्पल त्याने मशीनवर लावलं असतं, तर प्लेटलेट खोट्याच कमी आल्या असत्या, आणि डेंगीच्या दिवसांत तेवढ्यावरच तुमच्या माणसाला गाडी करून संभाजीनगरला न्यावं लागलं असतं.