विवेकाने मरण निवडता येतं का?

संयोजकांनी विषय कळवला तेव्हा माझ्यासमोर दोन नावं आली. तुमच्याही मनात तीच आली असतील. सावरकरांनी अन्न-औषध थांबवलं आणि २६ फेब्रुवारी १९६६ला ते गेले. विनोबा १९८२च्या नोव्हेंबरात, पवनारला, आजारपणात त्याच वाटेने गेले. या दोघांच्या जाण्याला आपण सहसा आत्महत्या म्हणत नाही. थोर होते म्हणून? तसं असेल तर तो विवेक नाही, भक्ती झाली.

मला कारण वेगळं दिसतं. दोघंही ऐंशी ओलांडलेले, शरीर थकलेलं. निर्णय लपवलेला नव्हता. वाद घालायला भोवती माणसं होती आणि रोज सकाळी तो बदलायची मुभा होती. एकट्याने, घाईने, कुणाला कळू न देता घेतलेल्या निर्णयात यातलं काहीच नसतं. तरी याचा कित्ता गिरवू नये. घरातल्या आजीने जेवण टाकलं तर हात जोडण्याआधी तिची कवळी टोचते का, तिला उदास वाटतंय का, तिला कुणी टाकून बोललं का, ते बघावं.

आता कायद्याकडे येतो. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं तेव्हाच्या भारतीय दंडविधानातलं कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६मध्ये घटनाबाह्य ठरवलं. न्यायमूर्ती पी. बी. सावंतांच्या त्या निकालाचा रोख असा, की बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहणं येतं, तसं जगण्याच्या हक्कात न जगणंही येतं. १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा धरली; १९९६मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी ती नाकारली.

पण मुंबईच्या खटल्यातला माणूस कोण होता? एक पोलीस शिपाई. अपघातात डोक्याला मार लागला, त्यानंतर मानसिक आजार जडला. पोटासाठी दुकान टाकायचं होतं, पालिकेची परवानगी मिळत नव्हती. त्याला शिक्षा होऊ नये, हे योग्यच. पण त्याच्या नावावर मरणाच्या स्वातंत्र्याचा सिद्धान्त उभा राहिला, हे मला अजून खटकतं. त्याला उपचार हवे होते आणि परवाना हवा होता. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे नीट ओळखलं: प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं आधी गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी.

‘मी गेलो की घरच्यांचं ओझं उतरेल’ हे वाक्य मोठं तर्कशुद्ध वाटतं. बेरीज बरोबर, आकडे मात्र नैराश्याने लिहून दिलेले. घरच्यांना विचारून ते आकडे कुणी तपासलेले नसतात. आणि प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. तो शांत डोक्याचा निष्कर्ष असता, तर तो असा मागे पडला नसता.

मग असाध्य आजार, असह्य वेदना? इथे मी आडवा येणार नाही. नुसतं आयुष्य लांबवणारे उपचार नाकारण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला मान्य केला. तसं इच्छापत्र आधी करून ठेवता येतं. पण ती आत्महत्या नाही. मरण दाराशी आलेलं असतं, आपण फक्त वाट अडवत नाही. त्यातही माझी एक अट आहे. वेदनाशमनाची सोय नाही म्हणून कुणी मरण मागत असेल, तर त्याला आधी ती सोय द्या, मग त्याची इच्छा विचारा.

आज या सभागृहात कुणाच्या मनात हा प्रश्न स्वतःबद्दल असेल, तर त्याने तो एकट्याने सोडवू नये. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि शेजारच्याबद्दल शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका.